जनरेटरवर बॅटरी बँक चार्ज करताना: कमी तासांत जास्त अँपिअर

एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. पोर्टेबल जनरेटरला १० अँपिअरचा छोटा चार्जर जोडून ती बॅटरीत उतरवायला गेलं, तर त्यातला एक किलोवॅट-तासही पदरात पडत नाही. तोच जनरेटर आणि तीच बॅटरी ठेवून चार्जर नीट निवडला आणि जनरेटर योग्य वेळी बंद केला, तर त्याच लिटरमधून दुपटीहून जास्त वीज साठवता येते. ही तफावत महागड्या यंत्रामुळे पडत नाही. बॅटरी कशी भरते आणि इंजिन इंधन कसं पितं, या दोन गोष्टींची सांगड घातली की ती साधते. ही सांगड कशी घालायची, ते इथे पहिल्यापासून सांगतो. ज्यांच्याकडे जनरेटर आणि बॅटऱ्या आहेत, पण दोन्ही एकत्र पहिल्यांदाच वापरायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

आधी इंजिनाची बाजू समजून घ्या

जनरेटर चालू झाला की लोड असो वा नसो, इंजिनाला स्वतःला फिरवत ठेवण्यासाठी इंधन लागतंच. साधा, उघड्या फ्रेमचा जनरेटर ५० हर्ट्झ देण्यासाठी सतत मिनिटाला ३००० फेरे फिरतो (६० हर्ट्झवाला ३६००), कारण फेरे कमी झाले की फ्रिक्वेन्सी घसरते. त्यामुळे एक दिवा लावला तरी तो तेवढ्याच वेगाने धावतो. बिनलोडचं त्याचं इंधन पूर्ण लोडच्या इंधनाच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत असू शकतं.

इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर लोड कमी झाला की वेग कमी करतो, म्हणून तो काटकसरी. पण त्यालाही कमी लोड परवडत नाही. २ केव्हीएच्या वर्गातला चांगला इन्व्हर्टर जनरेटर पाव लोडवर, म्हणजे साधारण ४५० वॅटला, तासाला ०.४ ते ०.५ लिटर पेट्रोल घेतो. पूर्ण, म्हणजे सुमारे १८०० वॅट लोडवर तो तासाला १.१ लिटरच्या आसपास घेतो. लोड चौपट झाला, पण इंधन अडीचपटच वाढलं. म्हणून जनरेटरवर जो काही वेळ घालवायचा, तो त्याच्या क्षमतेच्या ५० ते ८० टक्के लोडवर घालवावा. कायम १०० टक्क्यांवर चालवलं तर इंजिन तापतं आणि एखादा पंप चालू होताच ओव्हरलोड ट्रिप होतो. सतत २० टक्क्यांवर चालवलं तर स्पार्क प्लगवर कार्बन धरतो. डिझेल जनरेटरमध्ये तर न जळलेलं इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठत जाते.

आता बॅटरीची बाजू

लेड-ॲसिड बॅटरी तीन टप्प्यांत भरते. पहिल्या टप्प्यात चार्जर देईल तेवढा करंट ती घेते आणि व्होल्टेज हळूहळू चढत जातं. याला बल्क म्हणतात. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला, १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टला, पोचलं की चार्जर व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि बॅटरी स्वतःच करंट कमी कमी घेऊ लागते. हा ॲबसॉर्प्शनचा टप्पा. शेवटी १३.५ व्होल्टच्या आसपास फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं.

आपला सगळा खेळ पहिल्या दोन टप्प्यांमधल्या सीमेवर आहे. बल्कमध्ये जनरेटरचा प्रत्येक मिनिट सत्कारणी लागतो. ॲबसॉर्प्शन सुरू झाल्यावर करंट ४० अँपिअरवरून ३०, मग २०, मग १० असा उतरत जातो आणि जनरेटर मात्र तसाच धडधडत राहतो. शेवटच्या १५-२० टक्क्यांना तीन-चार तास सहज लागतात, आणि तिथे चार्जर कितीही मोठा असला तरी फरक पडत नाही, कारण आता वेग बॅटरी ठरवते.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीचं वेगळं आहे. ती जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते, आणि घातलेल्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून जास्त परत देते. लेड-ॲसिडमध्ये हे प्रमाण ७० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान राहतं. शिवाय अर्धवट भरून ठेवल्याने तिचं काहीच बिघडत नाही. ज्यांना मुख्यतः जनरेटरवरच विसंबायचं आहे आणि नवी बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, घ्यायची आहे, त्यांनी माझ्या मते एलएफपीचाच विचार करावा. सुरुवातीचा खर्च जास्त असला तरी जनरेटरचे वाचलेले तास तो भरून काढतात.

पायरी १: बॅटरी किती करंट घेऊ शकते ते काढा

बँकेची एकूण क्षमता एएचमध्ये, म्हणजे अँपिअर-तासांत, लिहून काढा. १२ व्होल्ट १०० एएचच्या दोन बॅटऱ्या पॅरलल जोडल्या तर १२ व्होल्ट २०० एएच. त्याच सिरीजमध्ये जोडल्या तर २४ व्होल्ट १०० एएच. ऊर्जा दोन्हीत सारखीच, २.४ किलोवॅट-तास.

मग बॅटरीच्या प्रकारानुसार करंट ठरवा. पाणी घालाव्या लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीला, त्यात ट्यूब्युलरही आल्या, क्षमतेच्या १० ते १५ टक्के करंट बरा. जेलला, म्हणजे ॲसिड घट्ट जेलच्या रूपात असलेल्या सीलबंद बॅटरीला, १५ ते २० टक्के. एजीएमला, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या सीलबंद बॅटरीला, २० ते ३० टक्के चालतो. एलएफपीला ५० टक्क्यांपर्यंत सहसा निर्धास्तपणे देता येतो, मात्र तिच्या बीएमएसची, म्हणजे आतल्या संरक्षक सर्किटची, मर्यादा आधी पाहावी. या सगळ्यावर अंतिम शब्द बॅटरीच्या माहितीपत्रकाचा. तिथे ‘कमाल चार्जिंग करंट’ असा आकडा असतो, तो ओलांडू नका.

म्हणजे २०० एएचच्या एजीएम बँकेला ४० अँपिअरचा चार्जर योग्य. तेवढ्याच एलएफपी बँकेला ८० अँपिअर देता येतील. तेवढ्याच ट्यूब्युलर बँकेला २० ते ३० अँपिअर.

इथे नवख्या माणसाचा एक हिशोब हमखास चुकतो. चार्जर दुप्पट केला की वेळ निम्मा होतो असं वाटतं. लेड-ॲसिडमध्ये तसं होत नाही. करंट जितका जास्त, तितकं व्होल्टेज लवकर वर चढतं आणि ॲबसॉर्प्शन लवकर सुरू होतं. क्षमतेच्या १० टक्के करंट दिला तर बल्क साधारण ८५-९० टक्क्यांपर्यंत चालतो. २० टक्के दिला तर तो ७५-८० टक्क्यांनाच संपतो. तरीही मोठा चार्जर जनरेटरवर फायद्याचाच, कारण त्या ८० टक्क्यांपर्यंत तुम्ही निम्म्या वेळात पोचता. पूर्ण भरण्याच्या वेळेत मात्र फारसा फरक दिसणार नाही.

पायरी २: चार्जर निवडताना पॉवर फॅक्टर पाहाच

जनरेटरच्या पाठीवर असलेला १२ व्होल्टचा सॉकेट पाहून अनेकांना वाटतं की चार्जरची गरजच नाही. त्या सॉकेटमधून सहसा ८ अँपिअरच्या आसपासच मिळतात, आणि बहुतेक जनरेटरमध्ये त्यावर व्होल्टेजचं नियंत्रण नसतं. गाडीची बॅटरी उतरली तर ती सुरू होण्यापुरती भरायला तो बरा. बँकेसाठी तो विसरून जा. जनरेटरच्या एसी सॉकेटवर चालणारा, तीन टप्प्यांचा, बॅटरीचा प्रकार निवडता येणारा चार्जर घ्या.

आता पॉवर फॅक्टर. स्वस्त चार्जर एसीच्या प्रत्येक लाटेच्या टोकालाच झटका देऊन करंट ओढतात. त्यामुळे प्रत्यक्ष वापरलेले वॅट कमी आणि जनरेटरवर पडणारा व्हीएचा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरचा, भार जास्त. वॅट भागिले व्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. अशा चार्जरचा पॉवर फॅक्टर ०.६ ते ०.७ इतका असतो. पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या चार्जरचा ०.९५ च्या वर.

सूत्र असं: चार्जरचे अँपिअर गुणिले चार्जिंग व्होल्टेज, त्याला चार्जरच्या कार्यक्षमतेने भागा, मग पॉवर फॅक्टरने भागा. आलेले व्हीए जनरेटरने द्यायचे.

४० अँपिअरचा चार्जर घेऊ. ४० गुणिले १४.४ म्हणजे ५७६ वॅट बॅटरीकडे. पीएफसी असलेला, ९० टक्के कार्यक्षमतेचा चार्जर जनरेटरकडून ६४० वॅट आणि सुमारे ६५० व्हीए घेईल. पीएफसी नसलेला, ८५ टक्के कार्यक्षमतेचा आणि ०.६५ पॉवर फॅक्टरचा चार्जर ६७८ वॅट आणि चक्क १०४० व्हीए मागेल. म्हणजे १००० व्हीएचा जनरेटर पहिल्या चार्जरला आरामात पुरतो, आणि दुसऱ्याला लावला की बॅटरीत तेवढीच वीज जात असूनही तो ओव्हरलोड दाखवतो. ‘माझ्या जनरेटरवर चार्जर चालत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. चार्जरच्या डब्यावर पॉवर फॅक्टर लिहिलेला नसेल, तर तो पीएफसीवाला नाही असंच धरून चाला.

पायरी ३: जनरेटरशी जुळवणी

जनरेटरवर दोन आकडे असतात: कमाल आणि सतत. हिशोबात फक्त सततचा धरायचा. कमाल आकडा मोटर चालू होतानाच्या काही क्षणांपुरता असतो, आणि चार्जर तर तासन् तास चालणारा लोड आहे. उंचीवर हवा विरळ असते, म्हणून दर ३०० मीटरमागे इंजिनाची शक्ती साधारण ३ ते ३.५ टक्क्यांनी घटते. १५०० मीटरवर १८०० वॅटचा जनरेटर १५०० च्या आसपासच देईल. कडक उन्हात आणखी थोडं कमी धरा.

वरच्या उदाहरणातली २०० एएचची एलएफपी बँक आणि ८० अँपिअरचा चार्जर घ्या. ८० गुणिले १४.२, भागिले ०.९, म्हणजे साधारण १२६० वॅट. १८०० वॅट सतत देणाऱ्या जनरेटरवर हा बरोबर ७० टक्के लोड. बँक २० टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत न्यायची तर १५० एएच घालायचे, म्हणजे दोन तासांचं काम. याहून सुबक जोडी मिळणं कठीण.

उलट, तुमच्याकडे जनरेटर मोठा आणि बॅटरी लेड-ॲसिड असेल, तर चार्जर बॅटरीच्या मर्यादेपलीकडे नेता येत नाही. तेव्हा उरलेली क्षमता दुसऱ्या कामाला लावायची. ते पुढे येईलच.

इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात असलेलं यंत्र असेल, तर त्यात ‘एसी इनपुट करंट’ची मर्यादा ठरवता येते का पाहा. २३० व्होल्टवर १८०० वॅट म्हणजे ७.८ अँपिअर. मर्यादा ६ ते ६.५ अँपिअरवर ठेवा. मग घरातला लोड वाढला की यंत्र स्वतःच चार्जिंग कमी करतं आणि जनरेटर ट्रिप होत नाही. काही घरगुती इन्व्हर्टर जनरेटरची वीज स्वीकारतच नाहीत, कारण त्यांना व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी अगदी काटेकोर हवी असते. त्यांच्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा स्विच असतो. तो नॉर्मलवर नेला की स्वीकाराची पट्टी रुंद होते आणि काम बहुधा होऊन जातं. मात्र अशा इन्व्हर्टरचा आतला चार्जर पुष्कळदा १०-१५ अँपिअरचाच असतो. मोठ्या बँकेसाठी वेगळा चार्जर घेणंच शहाणपणाचं.

पायरी ४: वायरिंग, आणि चार्जर नेमका कुठे ठेवायचा

जनरेटर दूर, बॅटरी घरात किंवा गाडीत. मग लांब वायर कोणत्या बाजूला टाकायची? नेहमी एसीच्या बाजूला. चार्जर बॅटरीला खेटून ठेवायचा.

आकड्यांत पाहा. २० मीटर लांबीच्या १.५ स्क्वेअर एमएमच्या एक्स्टेन्शन वायरमधून २३० व्होल्टवर ३ अँपिअर गेले तर वाटेत व्होल्टेज दीड व्होल्टच्या आतच पडतं. २३० मधून दीड व्होल्ट गेल्याचं कुणाला कळतही नाही. आता चार्जर ते बॅटरी हे अंतर फक्त २ मीटर, केबल ६ स्क्वेअर एमएमची आणि करंट ४० अँपिअर धरा. जाऊन-येऊन ४ मीटर तांब्यात ०.४६ व्होल्ट पडतात. चार्जरला वाटतं बॅटरी १४.४ व्होल्टला पोचली, प्रत्यक्षात ती १३.९४ वर असते. चार्जर ॲबसॉर्प्शनमध्ये जाऊन करंट कमी करायला लागतो आणि तुमचा जनरेटर विनाकारण जास्त वेळ चालतो. तीच केबल १६ स्क्वेअर एमएमची घेतली तर ०.१७ व्होल्टच पडतात. चार्जरला व्होल्टेज सेन्सची वेगळी बारीक वायर असेल तर ती थेट बॅटरीच्या टर्मिनलवर जोडा, म्हणजे हा घोटाळा मुळातच टळतो.

एक्स्टेन्शन वायर गुंडाळीवर असेल तर ती पूर्ण सोडवून वापरा. गुंडाळलेली वायर मोठ्या लोडवर आतल्या आत तापते आणि इन्सुलेशन वितळतं.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळच, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज हवाच. ४० अँपिअरच्या चार्जरला ५० अँपिअरचा फ्यूज. तो केबलच्या क्षमतेपेक्षा कमी असला पाहिजे, कारण तो केबल वाचवण्यासाठी आहे. बॅटऱ्या पॅरलल असतील तर चार्जरची पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीला आणि निगेटिव्ह शेवटच्या बॅटरीला जोडा. दोन्ही वायरी पहिल्याच बॅटरीला जोडल्या तर तीच जास्त भरते, जास्त उपसली जाते आणि सगळ्यात आधी मरते.

लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) नीट क्रिम्प केलेले आणि टर्मिनल घासून स्वच्छ केलेले हवेत. चार्जिंग अर्धा तास झाल्यावर प्रत्येक जोडाला जपून बोट लावून पाहा. जो गरम लागतो तो सैल आहे.

पायरी ५: जागा आणि जिवाची काळजी

हा भाग कृपया वरवर वाचू नका.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याने डोकं दुखतंय हे कळेपर्यंत माणूस उठून बाहेर जायच्या स्थितीत राहत नाही. जनरेटर खोलीत, गॅरेजमध्ये, जिन्याखाली, तंबूच्या छपरीत किंवा तीन बाजूंनी बंद ओसरीत कधीही चालवू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर दूर, आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. पावसापासून बचावासाठी वर छप्पर चालेल, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड हवं. चालू किंवा तापलेल्या इंजिनावर थेंब पडला तरी भडका उडू शकतो.

जनरेटरची वीज दोन्हीकडे पिना असलेल्या वायरने घराच्या सॉकेटमध्ये घालू नका. ती उलटी बाहेरच्या लाइनमध्ये जाते आणि तिथे काम करणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकते. घराला जोडायचंच असेल तर एका वेळी मुख्य लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच लागतो आणि तो जाणकार वायरमनकडूनच बसवून घ्यावा.

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एका ठिणगीने स्फोट होतो. बॅटऱ्यांच्या जागेत वरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट ठेवा. टर्मिनलवर काम करताना अंगठी आणि कडं काढून ठेवा, पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. चार्जर बंद असतानाच त्याच्या वायरी बॅटरीला जोडा किंवा काढा.

पायरी ६: प्रत्यक्ष चार्जिंग

वेळ सकाळची निवडा. रात्रभराच्या वापराने बॅटरी सर्वांत रिकामी असते, म्हणून ती पूर्ण करंट घेते. सौर पॅनेल असतील तर उरलेलं हळू काम दिवसभर ते करतात. संध्याकाळी जनरेटर लावणाऱ्यांची बॅटरी उन्हाने आधीच बरीच भरलेली असते, ती करंट कमी घेते, आणि इंधन वाया जातं.

ऑइलची पातळी पाहा. जनरेटर लोडशिवाय सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं चालू द्या, म्हणजे वेग स्थिर होतो. मग चार्जर लावा. चार्जरवर बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलेला आहे ना, हे पहिल्या वेळी दोनदा तपासा. जेलला १४.१-१४.२ व्होल्टच्या वर नेलं तर तिचं कायमचं नुकसान होतं. एलएफपीला १४.२ ते १४.६ व्होल्ट, आणि तापमान शून्य अंशाखाली असेल तर तिला चार्जच करू नका, आत लिथियम धातूचा थर साचतो. लेड-ॲसिडसाठी चार्जरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीला चिकटवा. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज ०.०२ ते ०.०३ ने कमी करावं लागतं, थंडीत तेवढंच वाढवावं लागतं. ४० अंशांत १४.४ ऐवजी १४ च्या आसपास हवे, नाहीतर बॅटरी उकळते आणि पाणी आटतं.

आता करंट पाहा. शंट, म्हणजे बॅटरीत जाणारा-येणारा करंट मोजणारी पट्टी, असलेला बॅटरी मॉनिटर हे या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत उपयोगी यंत्र आहे असं माझं ठाम मत आहे. तो नसेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. नुसतं व्होल्टेज पाहून चार्जिंग चालवणं म्हणजे अंदाजावर चालणं. एलएफपीत तर व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यावरून काहीच कळत नाही.

पायरी ७: चालू जनरेटरवर बाकीची कामं उरका

बॅटरी ज्या वेळी करंट कमी घ्यायला लागते, त्याच वेळी पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री अशी कामं जनरेटरवर चालवा. तुम्हाला ती कधीतरी करायचीच आहेत, आणि ती बॅटरीतून केली तर वीज दोनदा रूपांतरात घटते: एकदा आत जाताना, एकदा इन्व्हर्टरमधून बाहेर येताना.

ही उपकरणं मात्र थेट जनरेटरवर हवीत. चार्जिंग चालू असताना इन्व्हर्टरवर बॅटरीच्या बाजूने १५ अँपिअर ओढणारी उपकरणं चालू ठेवली, तर ४० अँपिअरच्या चार्जरमधले २५ च बॅटरीत जातात. चार्जरचा काटा ४० दाखवतो आणि बॅटरी का भरत नाही हे कळत नाही.

पंपासारखी मोटर सुरू होताना काही क्षण कित्येक पट करंट ओढते. लोड जड असेल तर आधी मोटर सुरू करा, ती स्थिरावली की चार्जर लावा.

पायरी ८: कधी थांबायचं

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. लेड-ॲसिड बँकेसाठी माझा नियम सोपा आहे: बल्कमधल्या करंटच्या निम्म्यावर आकडा उतरला की जनरेटर बंद. ४० अँपिअरने सुरुवात झाली असेल तर २० ला थांबा. बॅटरी तेव्हा साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास असते. पुढचं सौर पॅनेलवर किंवा मिळेल तेव्हा मुख्य विजेवर सोडा. निम्म्या भरलेल्या २०० एएचच्या एजीएम बँकेला हा टप्पा गाठायला दोन तासांच्या आसपास लागतात. उरलेल्या १५ टक्क्यांसाठी त्याहून जास्त वेळ गेला असता.

पण लेड-ॲसिड कायम अर्धवट ठेवता येत नाही. पूर्ण न भरलेल्या प्लेट्सवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, त्याला सल्फेशन म्हणतात, आणि क्षमता कायमची घटते. म्हणून आठवड्यातून एकदा, फार तर दोन आठवड्यांतून एकदा, बँक अगदी शेवटपर्यंत भरायलाच हवी. शेवट ओळखण्याची खूण: ॲबसॉर्प्शन व्होल्टेजवर असताना करंट क्षमतेच्या १ ते २ टक्क्यांवर उतरणं. २०० एएचला २ ते ४ अँपिअर. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, १.२६५ च्या आसपास दाखवतो, सर्व सेलमध्ये जवळपास सारखा. सौर किंवा दुसरी वीज अजिबात नसेल, तर त्या दिवशी जनरेटर जास्त वेळ चालेल हे गृहीत धरा आणि घरातली सगळी विजेची कामं त्याच दिवसासाठी राखून ठेवा. इक्वलायझेशन, म्हणजे १५.५ व्होल्टच्या वर नेऊन सेल सारखे करणं, फक्त पाण्याच्या बॅटरीसाठी असतं. त्याला तासन् तास अगदी थोडा करंट लागतो, म्हणून ते जनरेटरवर करण्यात अर्थ नाही.

एलएफपीत ९०-९५ टक्क्यांना थांबा. महिन्यातून एखाद्या वेळी १०० टक्क्यांपर्यंत न्या, म्हणजे बीएमएसला सेल समतोल करता येतात आणि मॉनिटरचा आकडाही जाग्यावर येतो.

थांबवताना आधी चार्जर आणि बाकीचा लोड काढा, जनरेटर दोन-तीन मिनिटं मोकळा चालू द्या, मग बंद करा. तापलेलं इंजिन पूर्ण लोडवरून एकदम बंद करणं त्याच्यासाठी चांगलं नाही.

काही तरी बिनसलं तर

चार्जर लावताच जनरेटर ओव्हरलोड दाखवतो: पॉवर फॅक्टर आणि उंची तपासा, चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर एक पायरी खाली आणा. जनरेटरचा आवाज सतत वर-खाली होतो आणि चार्जर मध्येच सुटतो: इन्व्हर्टर जनरेटरचा इको स्विच (लोडप्रमाणे वेग कमी करणारा) बंद करून पाहा. पुष्कळदा वेग बदलताना होणारा व्होल्टेजचा हिंदकळा चार्जरला चालत नाही. मोठ्या लोडवर इकोचा फायदा तसाही नगण्य असतो.

जनरेटर लावल्यावर अर्ध्या तासातच करंट घसरला आणि बॅटरी भरली असं दिसतं, पण संध्याकाळपर्यंत ती बसते: केबल आणि जोड निर्दोष असतील, तर बॅटरी सल्फेट झालेली आहे. तिची क्षमताच उरलेली नाही, म्हणून ती लवकर भरल्यासारखी दिसते. मोठा चार्जर लावून हे सुटत नाही. पॅरलल बँकेतली एखादी बॅटरी बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल, तर ती ताबडतोब वेगळी करा.

बॅटरी एलएफपी आहे आणि चार्जरला ती दिसतच नाही: खूप उपसल्यामुळे बीएमएसने तिला तोडलेलं असतं. एलएफपीसाठीच्या बहुतेक चार्जरमध्ये तिला जागं करण्याची सोय असते, ती वापरा.

जनरेटर वापरात नसताना

कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल काही आठवड्यांत चिकट होऊ लागतं आणि बारीक जेट बुजतात. महिनाभराहून जास्त थांबायचं असेल तर इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. नवीन जनरेटरचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलायचं असतं आणि त्यानंतर दर ५० ते १०० तासांनी. एअर फिल्टर धुळीच्या जागी त्याआधीच तपासावा. महिन्यातून एकदा अर्धा तास जनरेटर चालवायचा असतोच. तो मोकळा चालवू नका, त्याला बॅटरी चार्जर लावा.